बाही

हिंदवाडीतल्या आमच्या गच्चीवर
कपड्यांच्या तारेच्या टोकाला
बाबांनी एक पांढरी बाही बांधली आहे.
जुन्या गणवेशाची, खांद्यापाशी उसवलेली,
तोंडाला तारेची कडी घालून.
वारा आला की ती फुगते,
कोपरात वाकते,
आत हात असल्यासारखी.

"पश्चिमेचा, आठ नॉट," बाबा म्हणतात.
मग आई ठरवते
आज पापड घालायचे की नाही.

मुचंडीला आज्जा होता तोवर
दर सुट्टीत एकच विचारायचा,
"परशा, रस्ता असून बैलगाडी कलंडतीय,
तू हलत्या बोटीवर कसं रे उतरतंस?"
बाबा गोठ्यातलं दावं आणायचे,
दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधायचे.
"शेपटीला आकडा असतोय, आप्पा.
ह्यात अडकला की खोंड थांबला.
नाही अडकला, तर परत वर."
आज्जा दाव्याकडे बघत राही.
"बरोबर हाय. खरं, दावंच तुटलं तर?"
बाबा दावं सोडायचे, गुंडाळायचे,
जागच्या जागी लावायचे.

आई कधी काही विचारत नसे.
वास्कोच्या क्वार्टरमध्ये ती मोजायची.
पाच गेली, पाच आली,
मग तांदूळ धुवायचे. आधी नाही.
आमचा भात घड्याळावर नव्हे,
आवाजावर शिजायचा.

एका शुक्रवारी चार आली.
ती अंगणात उभी राहून
रिकामं आकाश परत मोजत होती.
मी सहा वर्षांची, फाटकाला लोंबकळलेली.
जीप आली, आमच्यापाशी मंदावली,
आणि पुढे गेली,
कुरियनकाकांच्या दारात.

मला एवढंच आठवतं.
उरलेलं आईनं चाळीस वर्षांनी सांगितलं,
खानापूर रोडवरच्या दवाखान्यात, बाकावर,
बाबांच्या डोळ्यांचे रिपोर्ट मांडीवर घेऊन:
"तांदळाच्या डब्यापाशी बसले बघ मी
आणि तोंडातनं निघालं, देवा, बरं झालं.
बरं झालं म्हटलं गं मी.
सूझन त्याच सकाळी
वाटीभर साखर घेऊन गेलेली माझ्याकडनं."
मला काहीतरी बोलायला हवं होतं.
"ऐदु!" आतून कंपाउंडरनं हाक दिली.
"पाच," आई म्हणाली, आणि उठली.

स्कूटर विकली त्याला दोन वर्षं झाली.
सांबऱ्याच्या कुंपणापाशी जाऊन उभं राहणं संपलं.
दादा हॅलिफॅक्सहून रविवारी फोन करतो,
तिथल्या बर्फाची उंची सांगतो.
शेजारच्या शिवलीलाअक्का वाळवण घालण्याआधी
गच्चीच्या कठड्यावरून ओरडतात,
"गाळी हेंगैत्री, सर?"
आणि बाबा कानडीत दिशा सांगतात,
नॉट मात्र नॉटच.
एक नोव्हेंबरला गल्लीत
काळे झेंडे लागतात, लाल-पिवळेही.
मी रंग सांगायला जाते तर म्हणतात,
"फडफडतायत कुठल्या बाजूला ते सांग."
दोन्ही एकाच बाजूला.
"मग ठीक आहे," म्हणून चहा मागतात.

आता बाही दिसत नाही त्यांना.
तारेला धरून धरून टोकापर्यंत जातात,
कपड्यांचे चिमटे एकेक बाजूला सारत.
काल संध्याकाळी मी जिन्यात थांबले.
त्यांनी बाहीचं मनगट धरलं होतं,
नाडी बघावी तसं,
आणि मान सांबऱ्याच्या दिशेला कलती.

खाली आले तर साडेआठ वाजलेले,
तांदूळ डब्यातच, पातेलं कोरडं.
"भूक लागली गं," मी म्हटलं.
आईनं नळ थोडा सोडून बंद केला.
"विमान लेट आहे आज," ती म्हणाली.
"थांब की जरा."